आमच्या घरची बोली आणि माझा प्रबंध

भाषाविज्ञानात एम.ए. करते आहे म्हटले की बारामतीतले आमचे नातेवाईक दोन प्रश्न हमखास विचारतात. "किती भाषा येतात?" आणि "नोकरी कुठे लागते?" दुसऱ्याचे उत्तर मलाही हवे आहे. पहिल्याचे मात्र सांगता येते. भाषाविज्ञान नव्या भाषा शिकवत नाही. माणसे बोलतात कशी आणि त्या बोलण्यात नियम कोणते, हे शोधायला शिकवते.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शेवटच्या वर्षी प्रबंधाचा विषय निवडायची वेळ आली, तेव्हा मी बारामती ते इंदापूर पट्ट्यातल्या मुस्लिम घरांतली बोली निवडली. सणसर, लासुर्णे, निमगाव केतकी या रस्त्यावरच्या गावांत आमचे आप्त आहेत. तेव्हा माणसे शोधायची अडचण नव्हती. अडचण घरातच निघाली. अम्मी काळजीने म्हणाली, "अपनी टूटी-फूटी बोली किताब में डालती? लोगां हसेंगे."

तिची काळजी खोटी नव्हती. शाळेत "तुमची मराठी वेगळीच वाटते" हे आम्ही भावंडांनी ऐकले आहे. हैदराबाद-लखनौकडचे पाहुणे आले की "उर्दू जरा नीट बोला" हेही ऐकले आहे. दोन्हीकडून चूकच ठरल्यावर आमच्या घरांनी मान्य करून टाकले की आपली बोली म्हणजे दोन भाषांची मोडतोड.

काम सुरू झाल्यावर हिशेब वेगळा दिसू लागला. आपण "मैच करती" म्हणतो. त्यातला "च" मराठीतल्या "मीच करते"मधला आहे. "नक्को" तर उघडच मराठीतला, आणि तो काही आजचा नाही. जुन्या दखनी काव्यातही तो सापडतो. "आज बाजार है बोलके जल्दी आयी" या वाक्यात "बोलके" बसते नेमके तिथे, जिथे मराठीत "म्हणून" बसते. पण सगळेच मराठीतून आले असेही नाही. पुस्तकी उर्दूत "मैंने रोटी खायी" असते, तर आपण "मैं रोटी खायी" म्हणतो. हा "ने" सोडणे दखनीचे जुने वळण आहे. शिवाय हे सारे सगळ्या घरांत, सगळ्या वयांच्या माणसांकडून एकाच रीतीने होते. मोडतोड अशी शिस्तीने होत नसते.

मार्गदर्शक मॅडमनी सुरुवातीलाच एक शोधनिबंध वाचायला दिला होता. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचा हा अभ्यास जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केला. तिथे मराठी, कन्नड आणि उर्दू पिढ्यान्पिढ्या शेजारी नांदल्या. शब्द ज्याचे त्याच्याकडे राहिले, पण वाक्याची बांधणी इतकी सारखी झाली की एका भाषेतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यावे. कुणी आपली भाषा टाकली नव्हती. शेतात, बाजारात रोज एकमेकांशी बोलता बोलता ती घडत गेली. देवाणघेवाण एकाच बाजूने झाली नाही, हेही लक्षात ठेवावे. जमीन, वसूल, अर्ज, कागद हे मराठीत रुळलेले शब्द फारसी-अरबीतून आले. अशा शब्दांचा फार्शी-मराठी कोश माधव जूलियन यांनी १९२५ साली केला.

प्रबंधातला सर्वांत जड भाग मात्र व्याकरणाचा नव्हता. इंदापूरला माझी फुफी असते. तिच्या सासरचे गाव भीमाकाठी होते. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पाण्यात ते गेले. मोबाइल समोर ठेवून मी तिला जुन्या दिवसांबद्दल विचारले. ती म्हणाली, "पानी आया बोलके हम गाव छोडे." पुढे म्हणाली, "अपना गाव नीचे है."

पुस्तकी उर्दूत दोन्ही ठिकाणी "हम" आणि "हमारा" चालले असते. आमच्या बोलीत मराठीतल्या "आम्ही" आणि "आपण" यांच्यासारखा फरक आहे. गाव सोडताना मी जन्मलेही नव्हते, म्हणून तिथे "हम". पण बुडालेल्या गावात तिने मलाही वाटेकरी केले, म्हणून "अपना". हे मी वहीत नियम म्हणून टिपून घेतले. त्या रात्री मात्र ते वाक्य नियम म्हणून आठवत नव्हते.

निघताना फुफी म्हणाली, "लिख ले, मगर मेरी आवाज बाहर नक्को." असे म्हणणाऱ्या ती एकटी नव्हती. बऱ्याच घरांतल्या बायकांची हीच अट होती. मॅडमना सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या की बोलणाऱ्याची संमती ही पहिली गोष्ट, आणि ती तो कधीही मागे घेऊ शकतो. त्यामुळे प्रबंधात वाक्ये आहेत, आवाज नाहीत, नावांच्या जागी अक्षरे आहेत. अभ्यासाच्या दृष्टीने यात तोटा आहे, कारण आवाज ऐकवल्याशिवाय उच्चाराची खात्री पटवणे अवघड जाते. पण विश्वासाने दिलेली गोष्ट अमानत असते, हे मी आधी घरात शिकले, कॉलेजात नंतर.

प्रबंध परीक्षकांकडे जाईल, गुण मिळतील, इन्शाअल्लाह. माझी काळजी वेगळी आहे. माझे भाचे इंग्रजी शाळेत जातात, टीव्हीवरची हिंदी बोलतात, आणि दादी काय म्हणते ते त्यांच्या आईला विचारतात. त्यांना आपण उर्दू, मराठी, इंग्रजी सारे जरूर शिकवावे. मात्र घरच्या बोलीला "गलत" म्हणून टोकू नये.

आपल्याही घरी कुणी आजी-आजोबा असतील, तर एक वही करावी. चुलीजवळचे, शेतातले, लग्नघरातले, लाडाचे आणि रागाचे शब्द त्यांना विचारून लिहावेत. विचारून, हे महत्त्वाचे. अम्मीने आता स्वतःच अशी वही सुरू केली आहे. पहिल्या पानावर तिने सगळ्या भांड्यांची नावे लिहिली आहेत. दुसऱ्या पानासाठी तिने काल फुफीला फोन लावला होता.