बोलायला शिकलेला माणूस

बिल वॉल्टन गेला २७ मे २०२४ ला, वयाच्या ७१ व्या वर्षी. तेव्हापासून त्याच्याबद्दल लिहीन लिहीन म्हणत राहूनच गेलं. आपल्याकडे बास्केटबॉल म्हटलं की गाडी जॉर्डनच्या पुढे सरकत नाही, म्हणून आधी थोडी ओळख.

हा धिप्पाड अमेरिकन खेळाडू कॉलेजात असताना जॉन वुडन या थोर प्रशिक्षकाच्या हाताखाली यूसीएलएकडून खेळला. १९७३ च्या अंतिम सामन्यात त्याने २२ वेळा बास्केटकडे चेंडू टाकला, त्यातला २१ वेळा आत गेला! पुढे १९७७ मध्ये पोर्टलंड आणि १९८६ मध्ये बॉस्टन, अशी एनबीएची दोन विजेतेपदं. पण पायांनी दगा दिला. हाडं मोडत राहिली, सबंध हंगामच्या हंगाम वाया गेले.

मला तो आवडतो तो मात्र वेगळ्याच कारणाने. खेळ सोडल्यावर तो समालोचक झाला. आणि हा माणूस अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत इतका अडखळायचा, की साधं 'थँक यू' म्हणणंही त्याला जड जायचं.

ज्यांची जीभ सरळ चालते त्यांना यातलं काही कळायचं नाही. मला कळतं, कारण माझा 'क' अडतो. 'कर्वे पुतळा' म्हणायला नको म्हणून कित्येकदा मी रिक्षावाल्याला 'पौड फाटा' सांगितलंय आणि उरलेलं अंतर चालत गेलेय. लोकांना वाटायचं, हिला चालायची भारी हौस!

तर अठ्ठाविसाव्या वर्षी वॉल्टनला मार्टी ग्लिकमन भेटले. एकेकाळचे धावपटू, मग न्यूयॉर्कचे नामवंत समालोचक. त्यांनी काही जादूटोणा केला नाही. सावकाश बोल, मोठ्याने वाचत जा, जे आवाज अडतात ते हेरून त्यांचा सराव कर, असल्या साध्याच गोष्टी सांगितल्या. बास्केटबॉलचा सराव करतोस ना, तसाच हाही. वॉल्टनने तो केला आणि आयुष्यभर चालू ठेवला. अडखळणं कायमचं गेलं, असा दावा त्याने कधी केला नाही.

त्यानंतर एनबीसी, ईएसपीएन... माणूस सुटलाच! सामना राहायचा बाजूला आणि हा ग्रेटफुल डेड या आपल्या लाडक्या बँडच्या गप्पा मारत बसायचा. काही प्रेक्षक वैतागायचे. बोलायला शिकणं ही माझी सर्वांत मोठी कमाई आणि तुमच्यासाठी मोठं संकट, असं तोच गमतीने म्हणायचा. पुढे पाठीच्या कण्याने अंथरुणाला खिळवलं. २००९ मध्ये मोठी शस्त्रक्रिया झाली. २०१२ मध्ये गडी पुन्हा माइकसमोर हजर.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे आमची छकुली, माझी भाची. सहा वर्षांची आहे, हल्ली अडखळते. तिला स्पीच थेरपिस्टकडे नेणं सुरू झालंय. घरची मंडळी हे वाचतात, म्हणून इथेच सांगते: मामा, मावशी, आजी, तिचं वाक्य कृपया तुम्ही पूर्ण करू नका. प्रेमापोटी करता, ठाऊक आहे. पण शब्द तिचा आहे, तो तिलाच आणू दे. 'नीट बोल' तर नकोच. नुसतं ऐका, घाई नसल्यासारखं.

समालोचक वगैरे नाही झाली तरी चालेल. रिक्षावाल्याला मात्र तिने हवा तो पत्ता सांगावा, एवढीच इच्छा आहे.