अडलेल्या दांड्याची कैफियत

अमेरिकेतील एडिसन गावच्या ओक ट्री रोडपासून फार दूर नसलेल्या आमच्या घरासमोर जी व्हॅन उभी असते, ती १९९० च्या दशकाच्या अखेरीस कारखान्यातून बाहेर पडलेली असून, मुले लहान असताना त्यांची ने-आण करण्याकरिता आम्ही ती घेतली होती. मुले मोठी होऊन आपापल्या मार्गाने गेली, तरी व्हॅनला निवृत्ती मिळाली नाही. रविवारी भरणाऱ्या मराठी शाळेची पुस्तके, भाद्रपदात गणपतीच्या मखराच्या चौकटी, बैठकीच्या गाण्याला लागणारी पेटी आणि तबल्याची जोडी हे सर्व इकडून तिकडे पोहोचवण्याचे काम परिसरातील मराठी मंडळींनी तिच्याच नावे मुकरर केले आहे. त्यामुळे तिचा मागचा, वर उचलून उघडण्याचा दरवाजा आजवर किती वेळा उघडला आणि मिटला असेल, याची गणती करणे अशक्य आहे. हा दरवाजा पुढे या हकिकतीत महत्त्वाचा ठरणार असल्याने त्याचा उल्लेख येथेच करून ठेवते.

जानेवारीतील एका रविवारी, आदल्या रात्री पुस्तकांची खोकी मागे रचून ठेवलेल्या या व्हॅनमध्ये मी शाळेला जाण्यासाठी बसले. थंडी कडाक्याची होती, तरी इंजिन पहिल्याच फिरकीला सुरू झाले, समोरचे दिवे स्वच्छ उजळले, आणि आता ब्रेक दाबून स्टिअरिंगच्या बाजूचा गियरचा दांडा नेहमीप्रमाणे आपल्याकडे ओढावा, तर तो ‘पार्क’च्या खाचेतून तसूभरही हलेना. इंजिन बंद करून पुन्हा सुरू केले, ब्रेक सोडून पुन्हा दाबला, तरी दांड्याचा निश्चय कायम होता.

माझ्या धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी मामी भारतातून आल्या होत्या आणि त्यांच्यासोबत आलेले मामा त्या दिवसांत आमच्याकडे मुक्कामाला होते. मामांनी आपली सारी नोकरी एस.टी.च्या दापोडी येथील मध्यवर्ती कार्यशाळेत केलेली. ज्या गाड्यांवर त्यांचा हात बसला, त्या गाड्यांत क्लच दाबून हाताने गियर टाकावा लागे, आणि ‘पार्क’ नावाची जागा त्यांच्या दांड्याला नव्हतीच. परंतु यंत्राच्या तक्रारीची चौकशी कोणत्या क्रमाने करावी, याविषयीची त्यांची शिस्त सर्व यंत्रांना सारखीच लागू पडते, हे मी त्या सकाळी जवळून पाहिले. कानटोपी आणि मफलर गुंडाळून ते बाहेर आले.

“मामा, दांडा निघतच नाही,” मी म्हटले.

“जोर लावू नकोस गं. ब्रेक दाबलास की आतून काही आवाज येतो का, ते आधी सांग.”

आवाज येत नव्हता. आणि या एका उत्तराने निम्मी चौकशी संपली, असे म्हणावयास हरकत नाही. कारण दांडा ‘पार्क’मध्ये अडण्याची कारणे मुख्यतः दोन प्रकारची असतात आणि त्यांतील भेद या आवाजावरून ओळखता येतो. स्वयंचलित गियरच्या गाडीत दांडा ‘पार्क’मध्ये नेला, की गियरपेटीतील एक लोखंडी खिटी चाकांकडे जाणाऱ्या आसावरील दातेरी चाकाच्या खाचेत जाऊन बसते आणि चाके फिरू शकत नाहीत. गाडी उतारावर उभी असेल आणि हातब्रेक न लावता सोडली असेल, तर गाडीचा सर्व भार या एका खिटीवर येऊन ती दातांमध्ये घट्ट रुतते. अशा वेळी दांडा जड लागतो, परंतु ब्रेक दाबताच आतून ‘टिक्’ असा बारीक आवाज मात्र येतो. दुसरा प्रकार सर्वस्वी निराळा. गाडीची किल्ली चालू स्थितीत असताना ब्रेकवर पाय पडल्याशिवाय दांडा ‘पार्क’मधून सुटू नये, अशी तजवीज या गाड्यांत केलेली असते. एक लहान विद्युत्चुंबक, ज्याला गॅरेजमधील लोक सॉलिनॉइड म्हणतात, दांड्याच्या मुळाशी अडसराची पिन धरून बसलेला असतो. ब्रेकच्या पायपट्टीमागील स्विचमधून त्याला प्रवाह मिळाला, की तो पिन ओढून घेतो आणि दांडा मोकळा होतो. ‘टिक्’ हा आवाज त्या पिनेचा. तो नाही, म्हणजे चुंबकापर्यंत प्रवाह पोहोचत नाही किंवा चुंबकच निकामी झाला आहे.

ही तजवीज मोटारीच्या जन्मापासूनची नव्हे. १९८० च्या दशकात अमेरिकेत ऑडी ५००० या गाडीविषयी अशा तक्रारी झाल्या, की दांडा ‘पार्क’मधून काढताच गाडी आपोआप भरधाव सुटते, आणि १९८६ साली दूरचित्रवाणीवरील एका लोकप्रिय कार्यक्रमाने त्या तक्रारी घरोघर पोहोचवल्या. सरकारच्या महामार्ग सुरक्षा खात्याने तपास करून १९८९ साली जो अहवाल दिला, त्याचा निष्कर्ष असा, की अशा बहुतेक प्रसंगी चालकाचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडलेला होता. तो अहवाल येण्यापूर्वीच कंपनीने आपल्या गाड्यांत ब्रेक दाबल्यावाचून न सुटणारा दांडा बसवण्यास प्रारंभ केला होता, आणि हळूहळू इतर कारखान्यांनीही तो स्वीकारला. पुढे २००८ साली, मुलांच्या सुरक्षिततेसाठी संमत झालेल्या एका कायद्याने, १ सप्टेंबर २०१० पासून बनणाऱ्या, स्वयंचलित गियरच्या सर्व लहान वाहनांना अशी योजना सक्तीची केली. बंद गाडीत खेळता खेळता मुलाच्या हाताने दांडा ओढला जाऊन गाडी उतारावरून घरंगळू नये, हा त्यामागील हेतू. आमची व्हॅन या सक्तीच्या पूर्वीची असली, तरी तिच्यात हा अडसर आहे, आणि तो असावा याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

मामा गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले आणि मला ब्रेक दाबण्यास सांगितले. डावा दिवा लागला नाही, उजवा लागला नाही, आणि मागच्या दरवाजाच्या माथ्यावरचा तिसरा, उंच दिवाही लागला नाही. त्यांनी समोरच्या दिव्यांचे बटण फिरवण्यास सांगितले, तेव्हा मागचे साधे लाल दिवे मात्र व्यवस्थित उजळले. तीन बल्ब एकाच रात्री जळणे संभवनीय नाही. तेव्हा तिघांचे सामाईक असे जे काही असेल, तेथेच दोष शोधला पाहिजे. सामाईक वस्तू दोन: पायपट्टीवरचा स्विच आणि फ्यूज. चालकाच्या डाव्या गुडघ्याजवळील झाकण काढले, त्याच्या आतील बाजूस छापलेला नकाशा बॅटरीच्या उजेडात वाचला, आणि ब्रेकच्या दिव्यांचा पंधरा अँपिअरचा निळा फ्यूज चिमट्याने उपसून काढला. त्या पारदर्शक निळ्या प्लास्टिकच्या पोटात इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी वळलेली जी पत्र्याची बारीक पट्टी असते, ती मधोमध वितळून तुटली होती आणि तुटलेल्या टोकांभोवती करडा धूर साकळला होता.

येथे मला एक गोष्ट आग्रहाने सांगावयाची आहे. अशा गाड्यांत स्टिअरिंगच्या दांड्याच्या आवरणावर किंवा गियरच्या शेजारी एक लहानसे झाकण असते. ते उचकटून आतील खाचेत किल्लीचे टोक दाबले, की अडसर हाताने सुटतो. हातब्रेक लावावा, खाच दाबून दांडा न्यूट्रलमध्ये आणावा, तेथेच इंजिन सुरू करावे आणि निघावे, असा हा विधी गाडीच्या पुस्तिकेतही दिलेला असतो. ओळखीचे लोकही अडचणीच्या प्रसंगी प्रथम तोच सुचवतात. गाडी धोक्याच्या जागी अडकली असता या सोयीचा उपयोग करण्यास माझी ना नाही. परंतु मागचे दिवे न पाहता जो मनुष्य ही खाच दाबून हमरस्त्याला लागतो, तो बहुधा ब्रेकच्या एकाही दिव्यावाचून गाडी हाकीत असतो, आणि त्याच्या मागून येणाऱ्याला तो थांबतो आहे हे कळण्याचा मार्ग उरत नाही. तिसऱ्या उंच दिव्याची सक्ती या देशात १९८६ च्या मॉडेलपासून मोटारींना आणि १९९४ च्या मॉडेलपासून व्हॅनसारख्या वाहनांना झाली, ती मागून होणाऱ्या टकरी त्यामुळे कमी होतात असे प्रयोगांत दिसून आल्यावर. इतके त्या दिव्यांचे मोल आहे. आमच्या गाडीत त्या दिव्यांची आणि दांड्याच्या अडसराची वीज एकाच फ्यूजमधून येते. दिवे गेल्याची वर्दी चालकाला आसनावर बसल्याबसल्या देणारे, या दांड्याखेरीज दुसरे कोणीही त्या गाडीत नव्हते.

नवा फ्यूज बसवला. ब्रेक दाबताच ‘टिक्’ असा आवाज आला, तिन्ही दिवे लागले आणि दांडा सहज खाली उतरला. मी निघण्याच्या तयारीत असताना मामा म्हणाले, “फ्यूज उगाच जळत नसतो.” दिवाणखान्यात राहिलेले एक खोके तेवढ्यात माझ्या लक्षात आले, मागचा दरवाजा उघडून ते आत ठेवले, दरवाजा मिटला, ब्रेक दाबला, आणि दांडा पुन्हा जागच्या जागी अडला. शाळेला निरोप धाडून ती पुस्तके शेजारच्या मुलाच्या गाडीतून रवाना केली, आणि आम्ही तपास पुढे चालवला.

मामांची तपासाची रीत मी त्यापूर्वी कधी पाहिली नव्हती. ब्रेकचे तिन्ही बल्ब त्यांनी काढावयास लावले आणि त्यांतीलच एक, दोन लांब तारा जोडून, जळक्या फ्यूजच्या जागी बसवला. मी पायपट्टी दाबून धरली. दांड्याच्या चुंबकापुरता प्रवाह वाहत असल्यामुळे तो बल्ब जेमतेम तांबूस दिसत होता. नंतर मामा मागे जाऊन दरवाजा सावकाश वर उचलू लागले. काही अंतरापर्यंत काहीच झाले नाही. दरवाजा खांद्याच्या उंचीला आला आणि माझ्या गुडघ्याजवळचा बल्ब एकाएकी लखलखीत पेटला. आणखी थोडा उचलताच पुन्हा तांबूस झाला. फ्यूजवर फ्यूज न जाळता, तार कोणत्या ठिकाणी गाडीच्या अंगाला टेकते आहे, हे त्या बल्बने निःसंदिग्धपणे दाखवून दिले.

छत आणि दरवाजा यांच्यामधल्या बिजागरीजवळ काळ्या रबराची, सुरकुत्यांची एक नळी असते. तिच्यातून तिसरा दिवा, मागच्या काचेचा वायपर, काच तापवण्याची व्यवस्था आणि कुलूप यांच्या तारा दरवाजात जातात. नळीचे टोक मामांनी पेचकसाने सोडवून मागे सारले. वर्षानुवर्षे एकाच जागी वाकून आणि येथील हिवाळ्यांनी कडक होऊन तारांची आवरणे तेथे चिरलेली होती. हिरव्या तारेचे आवरण तर बोटभर लांबीत गळून पडले होते. आतील तांबे काही भागात हिरवट काळे पडलेले, परंतु एके ठिकाणी नव्या भांड्यासारखे चकचकीत. आणि त्याच्या समोर, बिजागरीच्या कडेवर, रंग उडून उघड्या पडलेल्या पत्र्यावर जळल्याचा लहानसा काळा ठिपका.

पंधराऐवजी तीस अँपिअरचा फ्यूज घालून अशा तक्रारी दाबून टाकण्याची एक घातक पद्धत आहे. तसे केले असते, तर फ्यूजऐवजी ती तार छताच्या आत जळत राहिली असती. मामांनी बॅटरीची ऋण तार सोडवली, खराब झालेला भाग दोन्ही बाजूंनी कापला, आणि मऊ, पुष्कळ बारीक धाग्यांची नवी तार मध्ये घालून सोल्डरने जोडली. दोन तारांचे सांधे शेजारी-शेजारी येऊ नयेत म्हणून ते मागेपुढे ठेवले, सांध्यांवर उष्णतेने आवळणारी नळी चढवली, आणि दरवाजा पूर्ण उघडला तरी ताण येऊ नये इतकी ढील राखली. त्यांची बोटे गारठत, म्हणून मधूनमधून चहाचा पेला हातात धरण्यापुरते थांबत; काम मात्र सोडले नाही. शेवटी दरवाजा उघडून-मिटवून, प्रत्येक उंचीला थांबवून, मी ब्रेक दाबावा आणि त्यांनी दिवे पाहावेत, अशी त्यांनी खातरजमा करून घेतली.

तारांच्या त्याच जुडग्यात वायपरचीही तार अर्धी तुटलेली सापडली. पाऊस असला की मागच्या काचेचा वायपर मध्येच उभा राहत असे, त्याचा उलगडा त्यामुळे झाला, आणि तीही तार मामांनी त्याच बैठकीत जोडून दिली.