सहा मिलिमीटरची माणसे

मराठीत ‘चाळिशी’ हा मोठा सोयीचा शब्द आहे. त्याचा अर्थ वय असाही होतो आणि चष्मा असाही होतो. आणि बहुतेकांच्या घरी हे दोन्ही पाहुणे बरोबरच येतात. माझ्याकडेही ते तसेच आले. अशा वेळी शहाणा माणूस बारीक टायपाची पुस्तके कपाटात ठेवतो आणि सकाळी फिरायला जाऊ लागतो. मी मात्र नेमका त्याच सुमारास तांदळाच्या दाण्याएवढी माणसे रंगवायला बसलो, आणि गेली सहा वर्षे ती रंगवीत आहे. नाकावर चाळिशी, तिच्यापुढे आणखी एक भिंग, डाव्या हातात आइस्क्रीमची काडी, काडीवर डिंकाने चिकटवलेले पाच सैनिक आणि उजव्या हातात कुंचला, असे माझे रविवार सकाळचे ध्यान असते. दारात आलेला परका माणूस मला घड्याळजी समजतो. आणि दारावरची ‘मराठीचे प्राध्यापक’ ही पाटी वाचून तो अधिकच गोंधळतो.

या छंदाला आपल्याकडे रुळलेले नाव नाही, म्हणून तो समजावून सांगितल्याखेरीज गत्यंतर नाही. टेबलावर एक मुलूख मांडायचा: डोंगर, नदी, रस्ते, एखादे शहर. दोघा खेळाडूंनी आपापल्या फौजा त्यावर उतरवायच्या. बुद्धिबळात घरे असतात. येथे घरे नाहीत, फूटपट्टी आहे. पायदळाची पट्टी एका खेपेस दहा सेंटिमीटर चालेल, रणगाडा पंचवीस. नेम लागला की नाही हे फासे ठरवतात. टेकडीआडच्या शत्रूवर नेम धरता येत नाही, झाडीत लपलेल्यावर तो कमी लागतो. म्हणजे येथे जमीन ही नुसती शोभा नव्हे. जमीन हा तिसरा खेळाडूच म्हणायचा. आणि आमचे युद्ध इतिहासातले नाही; ते पुढच्या कुठल्यातरी शतकातले आणि परग्रहावरचे आहे.

हा पोरखेळ आहे असे म्हणणाऱ्यांसाठी माझ्याजवळ वंशावळ तयार असते. १८१२ साली फोन राइसविट्झ नावाच्या एका प्रशियन गृहस्थाने आपल्या राजाला एक मेज नजर केले. डोंगर, नद्या, गावे यांचे उठावाचे चौकोनी तुकडे त्यावर जुळवून हवा तो मुलूख मांडता येई. १८२४ मध्ये त्याच्या मुलाने खेळाचे नियम सुधारले, उठावाच्या तुकड्यांच्या जागी नकाशे आणले, आणि प्रशियाच्या सैन्याने तो आपल्या अधिकाऱ्यांना शिकवायला घेतला. हा प्रकार घरातल्या जमिनीवर आणला तो एच. जी. वेल्सने. १८९८ साली पुस्तकातून मंगळावरच्या प्राण्यांना इंग्लंडवर उतरवणारा हाच लेखक १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ लिहून मोकळा झाला: खेळण्यातले सैनिक, लाकडी विटांची घरे, डहाळ्यांची झाडे आणि लाकडाची गोळी उडवणारी स्प्रिंगची तोफ. खेळाडूचे वय त्याने बारापासून दीडशेपर्यंत ठरवले आहे, तेव्हा चाळिशीच्या माणसाने लाजण्याचे कारण नाही. खऱ्या युद्धापेक्षा हे लुटुपुटीचे युद्ध किती बरे, असा त्या पुस्तकाचा समारोप आहे. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले.

पुढे १९८७ साली इंग्लंडमधील गेम्स वर्कशॉपने ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा दूरच्या भविष्यकाळातला खेळ काढला आणि तो जगभर पसरला. १९८९ साली त्याच विश्वातला ‘स्पेस मरीन’ हा खेळ सहा मिलिमीटरच्या मापात आला. मोठ्या खेळात माणूस अठ्ठावीस मिलिमीटरच्या घरात असतो, माझा सहा. खरा माणूस तीनशे पटींनी लहान केला की एवढाच उरतो. मी हे माप का पत्करले, याचे कारण वाङ्मयीन नाही. आमच्या दोन खोल्यांच्या घरात टेबल एकच आहे. त्यावर मोठी चाळीस माणसे उभी राहिली की दाटी होते. सहा मिलिमीटरच्या दोन फौजा मात्र मध्ये डोंगर आणि शहर घेऊन सुखाने नांदतात, आणि रात्री साडेआठच्या आत चपलांच्या दोन खोक्यांत निजतात. साडेआठला त्याच टेबलावर ताटे मांडायची असतात.

ही माणसे येतात कुठून? माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्रिमितीय छपाईचे यंत्र घेतले आहे. दूरदेशीच्या मूर्तिकाराकडून आराखडा विकत घ्यायचा. यंत्रातल्या पातळ रेझिनवर प्रकाश पडतो, थरावर थर घट्ट होत जातो आणि सकाळपर्यंत पलटण तयार होते. मराठीत जेमतेम पास झालेल्या मुलाने गुरूचे ऋण असे फेडावे, ही दैवाची थट्टाच म्हणायची.

ती रंगवण्याचे शास्त्र मात्र जगावेगळे आहे. इवल्याशा वस्तूला खऱ्या वस्तूचाच रंग दिला तर ती काळपट ढेकळासारखी दिसते. म्हणून रंग एक-दोन छटा उजळ घ्यावा लागतो. आधी अस्तर, मग अंगावरच्या कपड्याचा एक रंग. मग पाण्यासारखा पातळ केलेला तपकिरी रंग सर्वांगावर सोडायचा. तो आपोआप खाचांत उतरतो आणि सावल्या पडतात. तो वाळला की फिकट रंगात बुडवून कागदावर पुसलेला, जवळजवळ कोरडा कुंचला वरून हलकेच फिरवायचा. शिरस्त्राणाचा माथा, खांदे, बंदुकीची नळी अशा उंचवट्यांवर तेवढा उजेड चढतो. खेळाडू सैनिकाकडे वरून पाहतो, तेव्हा माथा आणि खांदे हेच त्याचे रूप. डोळे काढायचे नाहीत. सगळा चेहरा म्हणजे एक ठिपका. आणि कुंचला अतिबारीक घेऊ नये. त्याच्या चार केसांवरचा रंग सैनिकापर्यंत पोचायच्या आतच वाळतो. पोट भरलेला पण टोक चांगले असलेला एक नंबरचा कुंचलाच बरा. काय गाळावे हे कळले की लिहिता येते, असे मी वर्गात वीस वर्षे सांगत आलो आहे. माझ्या बोटांना ते या ठिपक्यांनी शिकवले.

मुलुखाचे साहित्य मात्र विकत आणावे लागत नाही. मध्यमवर्गीय घर ही परग्रहाची खाणच असते. रक्तदाबाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी करड्या रंगाने रंगवली की वसाहतीचे घुमट तयार. बंद पडलेल्या रेडिओतले सर्किट हे तर आयतेच शहर. बॉलपेनची टोपणे म्हणजे मनोरे. भांडी घासायची हिरवी घासणी कातरून झाडे होतात, आणि वापरलेली चहापूड धुऊन वाळवली की रानातली माती. टीव्हीच्या खोक्यातल्या थर्मोकोलचे डोंगर होतात. मात्र त्यांवर फवाऱ्याचा रंग थेट मारू नये, त्यातले द्रावक थर्मोकोल खाऊन टाकते. आधी फेव्हिकॉल-पाण्याचा हात द्यावा. आणि सगळ्यांत शेवटी गेरू. मंगळ तांबडा दिसतो तो त्याच्या मातीतल्या लोहाच्या ऑक्साइडमुळे. आपल्या गेरूचा रंगही त्याच लोहाचा. रांगोळीसाठी दारापुढे गेरूचा चौकोन सारवणाऱ्या बायका आपल्या नकळत हातभर मंगळच सारवीत असतात! आमच्या घरी तर आता कुठलीही वस्तू टाकण्यापूर्वी ‘अहो, ही तुमच्या ग्रहावर लागणार आहे का?’ असे विचारण्याचा प्रघात पडला आहे.

हे वाचताना कुणालाही दिवाळीतला किल्ला आठवेल, आणि आठवायलाच हवा. दगड, चिखल, जुनी पोती, वर पेरलेले अळीव: महाराष्ट्रातल्या मुलांना हे शास्त्र कुणी शिकवावे लागत नाही. पण किल्ल्याचे माप निराळे. तेथे मावळा दरवाज्याहून उंच असतो आणि सिंहासनावरचे महाराज बुरुजाहूनही मोठे. ते कुणालाच खटकत नाही, कारण तेथले माप मानाचे आहे. माझ्या टेबलावर माप फूटपट्टीचे. सेनापतीही सहा मिलिमीटर आणि शिपाईही सहाच.

‘सर, मग शिवकाळ सोडून परग्रहावर कशाला गेलात?’ असे विद्यार्थी विचारतात. पानिपत मांडावे असे माझ्याही मनात एकदा आले होते. पण १७६१ च्या जानेवारीतला तो दिवस फाशांच्या हवाली करायला मन घेईना. हरलो तर दुःख, आणि जिंकलो तर ते खोटे. परग्रहावर कुणाचेच पूर्वज नसतात. म्हणून मी एक ग्रह कल्पिला, त्याला शततारका हे नाव दिले, आणि त्यावर ताम्र आणि नील अशा दोन फौजा उतरवल्या. दोहोंकडे बिनडोक्याची प्रचंड चालती यंत्रे आहेत, त्यांना ‘कबंध’ म्हणतात. मराठीच्या मास्तराला एवढी चैन क्षम्य असावी. या ग्रहावर कुणी पडले तरी कुणाच्या डोळ्यांत पाणी यायचे कारण नाही, असा एकंदर हिशेब होता.

गेल्या वर्षी पावसाळ्यात माझी थोरली बहीण महिनाभर आमच्याकडे राहायला आली होती. तिचा एकुलता एक मुलगा पायदळात अधिकारी आहे. तेव्हा तो सरहद्दीवर होता, आणि त्याचा फोन चार-चार दिवस येत नसे. ताई फोन उशाशी घेऊन निजे, पण त्याविषयी चकार शब्द काढीत नसे. एका रविवारी पदार्थविज्ञानाचे माझे सहकारी आणि मी खेळत होतो. ताई शेजारी वाल सोलीत बसली होती. सहकाऱ्यांच्या कबंधाने टेकडीवरची माझी एक पट्टी टिपली, आणि मी ती उचलून खोक्यात टाकली.

‘त्यात किती होते रे?’ ताईने विचारले.

‘पाच.’

‘पाचही गेले?’

मी तिला नियम सांगितला. पट्टी उचलली म्हणजे पाचही मेले असे नव्हे. ती तुकडी आता लढण्याजोगी उरली नाही, एवढाच त्याचा अर्थ. कुणी मेला असेल, कुणी जखमी झाला असेल, कुणी पांगला असेल.

ताईचे हात थांबले नाहीत. ‘मग जखमी कुठे जातात?’ तिने विचारले.

सहकारी माझ्याकडे पाहू लागले आणि मी नियमांच्या पुस्तकाकडे. त्यात प्रत्येक तोफेचा पल्ला होता, कबंधाच्या गुडघ्यावरचे चिलखत किती जाड हेसुद्धा होते. जखमी कुठे जातात ते नव्हते. टेबलावर दोन कारखाने, एक विमानतळ आणि एक पाण्याची टाकी होती. इस्पितळ नव्हते.

त्याच आठवड्यात ते आम्ही बांधले. आम्ही म्हणजे ताईने आणि मी. गोळ्यांच्या पट्टीचे सहा घुमट, पुढे सपाट अंगण, पांढऱ्या छपरावर तांबडी फुली. ही फुली १८६४ च्या जिनीव्हा करारापासून रणांगणावर आहे. शततारकेवरही ती चालावी. फौजेमागे चार-चार रुग्णवाहिका दिल्या. नियम असा केला की, उचललेली पट्टी खोक्यात जाणार नाही. ती जेथे पडली तेथेच आडवी राहील, आणि रुग्णवाहिकेने तिच्यापर्यंत जाऊन तिला इस्पितळात आणले तरच तिचे गुण मिळतील.

ताईला लहानपणापासून लांबचे दिसत नाही. पण चष्मा काढला की हातावरचे लख्ख दिसते. शिवाय तिचा हात रांगोळीचा आहे. एका दुपारी तिने चाळीस चेहऱ्यांवर ठिपके दिले. शिरस्त्राणाखालचा चेहरा वरून दिसतच नाही, असे मी तिला सांगितले.

‘असू दे,’ ती म्हणाली.

तेव्हापासून आमचे खेळ लांबले आहेत. सहकारी कुरकुरतात. टेकडी घ्यायची तर गाड्या आधी जातील कुठून, याचा त्यांना विचार करावा लागतो. या वर्षात त्यांनी दोन वेळा अगदी हाताशी आलेली टेकडी सोडून दिली, कारण ओढ्यापलीकडे त्यांच्या तीन पट्ट्या आडव्या होत्या. त्यांना हटकले तर ते गुणांचा हिशेब पुढे करतात. मीही तो मान्य करतो. भौतिकीच्या माणसाशी गणितावर वाद घालू नये.

यंदा गणपतीला भाचा रजेवर आला आणि दोन दिवस आमच्याकडे राहिला. त्याच्याबरोबर ताईही आली होती. टेबलाशी उभा राहून त्याने सगळा मुलूख नीट पाहून घेतला. कबंध पाहून तो हसला. मग वाकून त्याने आमचे इस्पितळ दोन बोटांनी अलगद उचलले आणि टेकडीच्या मागच्या अंगाला, ओढ्याच्या वळणापाशी नेऊन ठेवले.

‘मामा, हे इतकं पुढे नसतं,’ तो म्हणाला. ‘आणि तिथवर चांगला रस्ता लागतो. गाडी हादरली की जखमीला फार त्रास होतो.’

एवढे बोलून तो हात धुवायला गेला. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने त्याला काही विचारले नाही. मीही विचारले नाही.

त्या रस्त्याचे काम सध्या चालू आहे. त्यासाठी अगदी बारीक दाण्याचा पॉलिश-पेपर आणला आहे. त्याची पट्टी कापून, कडांना गेरू लावून बसवली की रस्ता सपाट होतो. वळणे मोठी ठेव, असे ताईने फोनवर दोनदा बजावले आहे. दिवाळीच्या सुटीत तो पुरा व्हावा.