कूलरच्या वाऱ्यातलं हिमयुग

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते नऊ कडक दिवस, लागला की भर दुपारी रायपूरच्या तात्यापाऱ्यात चिटपाखरू दिसत नाही. पारा पंचेचाळिशीला टेकलेला, चौकातली शटरं अर्धी खाली, घराघरांतून कूलरची घरघर. फरशीवर पाणी शिंपडून चटई टाकावी आणि निमूट पडून राहावं. अशा वेळी मला हटकून बर्फ आठवतो. सरबतातला नव्हे, भूगर्भातला.

रायपूर उभं आहे ते चुनखडकावर. शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता, त्याचा हा गाळ. बर्फ आला तो फार नंतर, सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा ही सगळी भूमी दक्षिण ध्रुवाच्या बाजूला सरकलेली होती. १८५६ मध्ये ओडिशातल्या तालचेरला भूगर्भशास्त्रज्ञ ब्लॅनफर्ड बंधूंनी चिखलात रुतलेले लहानमोठे गोटे पाहिले आणि ते बर्फाने वाहून आणले असावेत, असं मांडलं. पुढे १८७० च्या दशकात भूगर्भशास्त्रज्ञ फेडन यांनी चंद्रपूर जिल्ह्यात इरईजवळ घासून गुळगुळीत झालेला, ओरखडे उठलेला चुनखडक नोंदवला. चंद्रपूरच्या उन्हात उभं राहून बर्फाचं नाव काढायला छाती लागते, बरं का!

तो बर्फ वितळला तसा समुद्र आत शिरला. छत्तीसगडच्या उत्तरेला, मनेंद्रगढपाशी हसदेव नदीच्या काठी त्या समुद्रातले शिंपले आजही खडकात आहेत. हवा आणखी उबदार झाली, दलदली माजल्या, ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडांची रानं वाढली, पडली, गाडली गेली. तोच आपला कोळसा. कोरब्याच्या वीजकेंद्रांत तो जळतो आणि इकडे आमचा कूलर फिरतो. म्हणजे तोंडावर येणारा हा गार वारा त्या वितळलेल्या हिमयुगाचाच दूरचा वारस म्हणायचा.

हवामान काय, नेहमीच बदलत आलंय, असं ओट्यावरच्या गप्पांत कुणीतरी म्हणतंच. खोटं नाही ते. पृथ्वीची कक्षा आणि तिच्या आसाचा कल हजारो वर्षांच्या लयीत डोलतात आणि बर्फ वाढतो, हटतो. शास्त्रज्ञ मिलान्कोविच यांनी त्याचं गणितच मांडून ठेवलंय. वीस हजार वर्षांपूर्वी, मागच्या हिमयुगात, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. इथे तेव्हा बर्फ नव्हता, पण मोसमी पाऊस रोडावला होता. माझं भांडण बदलाशी नाही, त्याच्या वेगाशी आहे. त्या थंडीतून बाहेर पडताना हवेतला कार्बन डायऑक्साइड दशलक्षात सुमारे १९० भागांवरून २६० च्या पुढे जायला काही हजार वर्षं लागली. २८० वरून ४२० च्या पुढे जायला मात्र तीन शतकंही लागली नाहीत, आणि त्यातली निम्म्याहून जास्त वाढ १९७० नंतरची, म्हणजे माझ्या पिढीच्या डोळ्यांदेखतची.

हे कळूनही मी कोळशाच्या विजेवरचा कूलर बंद करत नाही. नवतप्यात कोण करील?

थंडीत एकदा मनेंद्रगढला जायचं आहे, ते शिंपले पाहायला. हसदेव तिथून खाली कोरब्याला जाते आणि तिचं पाणी तिथल्या वीजकेंद्रांची यंत्रं थंड ठेवायच्या कामी येतं.