हेराल्डचा साटा

आमच्या घरी मोटार होती असे म्हणण्यापेक्षा मोटारीच्या घरी आम्ही राहत होतो असे म्हणणे अधिक खरे ठरेल. मिरजेच्या आमच्या वाड्यातली सगळ्यांत कोरडी आणि हवेशीर जागा म्हणजे पुढच्या अंगणातली पत्र्याची पडवी, आणि तिथे मोटारीचे वास्तव्य. पावसाळ्यात आम्ही माजघरात गळतीखाली पातेली मांडत असू; मोटारीवर मात्र कधी थेंब पडल्याचे मला आठवत नाही. 1966 सालची स्टँडर्ड हेराल्ड, दोन दारांची, फिकट निळी. बाबांनी ती 1974 साली जुनीच विकत घेतली आणि पुढे पंचवीस वर्षे तिच्यातून कोर्टात गेले. 1999 मध्ये त्यांची नजर अधू झाली तेव्हा तिच्यावर ताडपत्री पडली. 2016 मध्ये बाबा गेले. ताडपत्री तशीच राहिली.

माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, पुण्याला बँकेत असतो. दर दिवाळीला तो येई आणि पहिल्या चहालाच म्हणे, "ते धूड एकदा भंगारात घालू या. जागा अडली आहे." जागा कुणाची अडली होती हे मला कधी उमगले नाही. आणखी एक गोष्ट उमगत नसे. सोळाव्या वर्षी मोटार शिकलेल्या या माणसाला मी बाबांच्या मोटारीच्या स्टिअरिंगवर बसलेले कधीच पाहिले नव्हते. बाबांना दिसेनासे झाल्यावर त्यांना कुठे न्यायचे असले, तर तो नाक्यावरून भाड्याची गाडी बोलावी. पडवीकडे वळत नसे.

2024 च्या दिवाळीत हा वाद निकाली लागायचा होता. माझा मुलगा अकरावीत. वय असे की घरातली कोणतीही वस्तू खोलून पाहिल्याशिवाय त्याला झोप येत नाही. त्याने बाबांच्या वेळच्या मिस्त्रींना गाठले. मिस्त्री आता सत्तरीला टेकलेले, गॅरेज मुलांच्या हाती दिलेले. पण हेराल्डचे नाव काढताच पायात चपला घालून आले. ताडपत्री काढून दोनदा प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "वरचा पत्रा काय, रंगानं झाकतो. खालचं खरं बॉडी उतरवल्याशिवाय कळायचं नाही."

"उतरवा," दादा म्हणाला, "पण सांगाडा सडका निघाला, तर पाडव्याला भंगारवाला येईल. मग कुणी काही बोलायचं नाही."

ओट्यावर आई करंज्यांसाठी खोबरे किसत होती. तिने मान वर केली नाही. किसणीचा आवाज मात्र थांबला.

इथे थोडे यंत्रशास्त्र सांगितले पाहिजे. मी मॅट्रिक झाल्यावर चित्रकलेच्या परीक्षा देऊन शाळेत मास्तर झालेला आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा माणूस. तेव्हा वाचकांनी घाबरू नये, मला समजले तेवढेच सांगणार आहे. ज्या दोन मोटारींनी आपले रस्ते कित्येक वर्षे व्यापले त्या अँबॅसडर आणि फियाट यांना निराळी चासी नाहीच. पत्र्याची पेटी हाच त्यांचा सांगाडा. त्यांची बॉडी चासीवरून काढतो म्हणणे म्हणजे मडक्यातून मडके काढण्यासारखे आहे. हेराल्ड मात्र बैलगाडीच्या गोत्रातली. आस, चाके आणि धुरा खाली; साटा वर. साटा उचलून बाजूला ठेवला तरी खालची गाडी गाडीच राहते.

याला कारण झाली इंग्लंडातल्या धंद्यातली एक अडवणूक. स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीला बॉड्या पुरवणारा कारखाना 1953 साली प्रतिस्पर्धी कंपनीने विकत घेतला. अखंड बॉडी दाबून द्यायला कुणी उरले नाही. तेव्हा यांनी ठरवले की चासी वेगळी करायची, बॉडीचे तुकडे मिळतील त्या कारखान्यांतून करून घ्यायचे आणि बोल्टांनी जोडून वर बसवायचे. जोवान्नी मिकेलोत्ती या इटालियन कारागिराने तिला असे रूप दिले की ही जोडाजोडी आहे हे बघणाऱ्याला कळू नये. 1959 साली ती इंग्लंडात निघाली आणि 1961 पासून मद्रासला होऊ लागली. 25 फुटांच्या वर्तुळात ती वळते. मिरजेच्या बोळांतून बाबांना कोर्ट वेळेवर गाठता आले याचे श्रेय वकिलीपेक्षा या वर्तुळाला अधिक आहे.

तुकड्यांची असल्यामुळेच तिचा साटा घरच्या अंगणात, कारखान्याच्या यारीशिवाय उतरवता येतो. आधी बॉनेट, ते या गाडीत मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उघडते, मग दारे, मग छप्पर, मग मागचा साटा, म्हणजे सीटखालची जमीन आणि डिकी मिळून एक तुकडा, आणि शेवटी काच, डॅशबोर्ड, पेडल, स्टिअरिंग पेलणारी पुढची भिंत.

वसुबारसेला सुरुवात झाली. पहिल्यांदा बॅटरीच्या तारा सोडवायच्या आणि टाकी रिकामी करायची, यावर मिस्त्रींचा कटाक्ष. हेराल्डची टाकी डिकीत डाव्या कुशीला असते. तिच्यातून निघाले ते पेट्रोल नव्हते. वार्निशासारखे काहीतरी होते आणि त्याला जुन्या औषधाच्या दुकानाचा वास येत होता. नंतर सीट, नंतर गालिचा. कादंबरीत मी गालिच्याखाली एखादे पत्र ठेवले असते. प्रत्यक्षात निघाल्या दोन हेअरपिना, एक गोटी, पाच पैशांची तीन चौकोनी नाणी आणि उंदरांनी साठवलेले शेंगांच्या टरफलांचे कोठार. गिअरबॉक्सवरचे पुठ्ठ्याचे झाकण निघाले, हँडब्रेकची दोरी सुटली, मागच्या दिव्यांच्या तारा सुटल्या.

माझे काम हजेरीचे. प्रत्येक बोल्ट कुठून निघाला हे वहीत मांडायचे, चित्र काढायचे आणि बोल्ट डब्यात टाकायचा. डबे फराळाचे होते. आमची सौभाग्यवती चकल्या कशात भरू म्हणून विचारीत आली, तेव्हा सगळ्यांत मोठ्या डब्यात छपराचे बोल्ट वायसरांसह विराजमान झाले होते. तिने तो डबा उचलून पाहिला, हलवून पाहिला आणि पुन्हा ठेवला. त्या दिवाळीत चकल्या पातेल्यात राहिल्या आणि मऊ पडल्या, एवढे नमूद करतो.

गंजलेल्या बोल्टांचे स्वभाव वर्गातल्या मुलांसारखे असतात असे मला दिसले. काही पाना लावताच सुटतात. काहींना रात्रभर डिझेलमध्ये भिजवावे लागते. काही नट ऐकल्यासारखे करतात आणि आतल्या आत गरगर फिरत राहतात. त्यांना छन्नीशिवाय उपाय नाही. पाने लागतात ते इंचांचे. मुलाने हौसेने आणलेला नवा मिलिमीटरचा संच मिस्त्रींनी हातात घेऊन, कौतुक करून, कट्ट्यावर ठेवून दिला आणि धोतराच्या फडक्यात बांधलेले स्वतःचे काळे पाने काढले.

साटा उचलण्याआधी दोन्ही बाजूंच्या खांबांमध्ये आडवा लोखंडी अँगल बोल्टांनी आवळला. छप्पर आणि पुढची भिंत सुटली की हा तुकडा आपला आकार विसरतो, मग दारे आयुष्यभर लागत नाहीत. वाड्याच्या तुळईला चेन-कप्पी लावावी असे मुलाचे मत होते. मिस्त्रींनी तुळईकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "मोटार उतरवायची आहे का वाडा?"

मग माणसांनीच उचलायचे ठरले. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान उरकून आठ जण जमले. आम्ही दोघे भाऊ, मुलगा, मिस्त्रींचे दोन नातू, शेजारचे सतारमेकर आणि त्यांचे चिरंजीव, आणि दूध घालायला आलेला दूधवाला, ज्याची किटली आईने आधीच आत नेली होती. साट्याखालून दोन जाड बांबू सारले. कुणीतरी "गणपती बाप्पा" म्हटले, आणि मोरया म्हणत बांबू खांद्यांना लागले. सात जणांकडे साटा हलला. उजवा मागचा कोपरा जागचा हलेना. "खाली! खाली!" मिस्त्री ओरडले. मागच्या सीटच्या जागेखाली हात घातला, तर नातवाने काढला म्हणून सांगितलेला बोल्ट तिथे शाबूत. नातवाला जे बोलणे बसले ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाही. दुसऱ्या मोरयाला साटा अलगद वर आला, आणि आम्ही तो पालखीसारखा मिरवीत तुळशीवृंदावनापाशी विटांवर नेऊन ठेवला.

मागे वळून पाहिले, तर पडवीत एक निराळाच प्राणी उभा होता. मधोमध पाठीच्या कण्यासारख्या दोन पोकळ लोखंडी तुळया. त्यांना फासळ्यांसारखे बाहेर निघालेले हात. पुढे इंजिन, मागे आडवी कमान, चार चाके, आणि एकटी उरलेली पुढची भिंत, स्टिअरिंगसकट. बाबांना उघड्या अंगाने पाहिल्यासारखे मला अवघडल्यासारखे झाले.

आता निकाल. मिस्त्री छोटी हातोडी घेऊन बसले आणि टोक टोक करीत निघाले. सतारमेकर शेजारी उकिडवे बसले. आयुष्यभर भोपळे बोटांनी वाजवून पारखलेला हा माणूस. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते अशाच कानांच्या जोरावर. डोळे मिटून ते सांगू लागले, "इथं बोलतंय. इथंही बोलतंय. इथं बोलत नाही." जिथे बोलत नव्हते तिथे मिस्त्रींनी जोर देताच हातोडी आत गेली. उजवीकडचे दोन हात असे मुके निघाले. मधल्या तुळया मात्र खणखणीत बोलल्या.

डाव्या तुळईवर, पुढच्या चाकाच्या मागे, सतारमेकरांनी डोळे उघडले. "इथं दोन आवाज आहेत."

मिस्त्रींनी तारेच्या ब्रशाने डांबरासारखा थर खरवडला. तळहाताएवढा पत्र्याचा तुकडा, चारी कडांनी वेल्डिंग केलेला. जोड पक्का होता, पण ओबडधोबड. "हे माझं काम नव्हे," मिस्त्री म्हणाले. "घाईत केलंय कुणीतरी. रात्रीचं."

मी दादाकडे पाहिले. तो हात पुसत होता. हात स्वच्छ झाल्यावरही पुसत राहिला.

"1986," तो म्हणाला. "मे महिना. मी किल्ली घेऊन गेलो होतो, न विचारता. रस्त्याकडेच्या मोरीवर घातली." थोडे थांबून म्हणाला, "मी घरी चालत आलो. बाबा काही बोलले नाहीत. सायकल काढली आणि गेले. पहाटे गाडी घेऊन आले आणि अकरा वाजता कोर्टात गेले. आईला सांगितलं, सायलेन्सर तुटला होता."

"मग तुला काय म्हणाले?" मुलाने विचारले.

"काही नाही. दुसऱ्या दिवशी किल्ली त्याच खुंटीवर होती." तो हसला, पण ते नीट जमले नाही. "रागावले असते तर मी पुन्हा घेतली असती रे."

ओट्यावरून आई म्हणाली, "सायलेन्सर! शर्टाला ठिणग्यांची भोकं होती ती काय सायलेन्सरनं पाडली? मीच रफू केली. आत या सगळे, फराळ निवतोय."

फराळाच्या वेळी मिस्त्रींनी सुचवले की कोल्हापूरकडे एका ओळखीच्याकडे हेराल्डची जुनी चासी पडून आहे, ती मिळाली तर काम सोपे होईल. दादाने चकली खाली ठेवली. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठी नियम केले आहेत, त्यांची त्याला इत्थंभूत माहिती होती. अशा मोटारीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये पडतात; मात्र चासी, बॉडी किंवा इंजिन यांत फेरफार झालेला चालत नाही. "तेव्हा चासी हीच राहणार," दादा म्हणाला, जणू नियम त्यानेच केला होता. अशी मोटार रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही, हेही त्याने सांगितले. आईला ते पटले. म्हातारपणी सणासुदीपुरतेच बाहेर पडावे असे तिचे म्हणणे. भंगारवाल्याशी बोलणारा माणूस हे नियम कधीपासून वाचीत होता, असे मी त्याला विचारले नाही.

"आणि तो जोड?" मिस्त्रींनी विचारले. "मुके हात बदलतोच आहे, तर तोही कापून नवा पत्रा मारू का?"

"बोलतोय ना तो?"

"बोलतोय की."

"मग असू द्या."

पाडव्याला टेंपो आला, तो मिस्त्रींच्या ओळखीच्या वेल्डिंगवाल्याचा. टेंपो बोळात शिरेना, म्हणून सांगाडा ढकलत नाक्यापर्यंत न्यायचा होता. स्टिअरिंग जागेवर होते, पण ते धरायला बसायचे कशावर? सीट माळ्यावर गेल्या होत्या. सौभाग्यवतीने आतून जेवणाचा पाट आणला आणि दोन तुळयांवर सुतळीने बांधून दिला. मुलगा पुढे सरसावला. मिस्त्रींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला मागे ओढले आणि ढकलणाऱ्यांत उभे केले.

दादा थोडा वेळ नुसताच उभा राहिला. मग चपला काढून पाटावर बसला, गुडघे पोटाशी घेऊन, आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरले. बोळातली पोरे आणि आम्ही मिळून ढकलू लागलो. पणत्या वाचवीत, रांगोळ्या वाचवीत, पंचवीस वर्षे उभी असलेली चाके कुरकुरत दिंडीदरवाजाबाहेर वळली.

"ब्रेक आहे का रे त्याला?" मागून आईने ओरडून विचारले.

"नाही, आई," दादा पाटावरून ओरडला. "बाजूला व्हा सगळे!"