पंधराशें चौरस फूट

आमच्या टीकाकारांनीं लघुकथेचे प्रकार मोजले, लघुनिबंधाला वेगळा पाट मांडून दिला. परंतु अर्ज या वाङ्मयप्रकाराकडे अद्याप कोणाचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. वास्तविक शिकलेला मनुष्य आयुष्यांत सर्वांत अधिक चिंतेनें जें लिहितो तें अर्जच. त्यांतही शाळेनें सरकारकडे मदतीसाठीं करावयाचा अर्ज फार अवघड. त्यांत दैन्य दाखवावें लागतें, पण दिलेला पैसा वायां जाईल असें देणाराला वाटण्याइतकें नव्हे. आणि कर्तबगारीही दाखवावी लागते, पण मग यांना मदत हवी कशाला, असें त्यानें विचारण्याइतकी नव्हे.

नवी मुंबईंतील एका अनुदानित मराठी शाळेच्या व्यवस्थापक मंडळावर आम्ही बरींच वर्षें आहोंत. इंग्रजी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला अशा मंडळांत एक काम ठरलेलें असतें: इंग्रजींत आलेला कागद त्याच्यापुढें सरकवावयाचा. संगणक, इंटरनेट, प्रयोगशाळा यांसाठीं सरकारपुढें हात पसरण्याचे जेवढे प्रसंग शाळेवर आले, तेवढ्यांचे लेखनिक आम्ही.

शाळा मोठी नाहीं. वाशीच्या बाजारसमितींत ओझीं वाहणाऱ्या माथाडींचीं मुलें, तुर्भ्याच्या वस्तींतलीं मुलें, घरकाम करणाऱ्या बायांच्या मुली. जवळच ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यांत डेटा सेंटर नांवाचीं प्रचंड कोठारें गेल्या कांहीं वर्षांत उभीं राहिलीं आहेत. देशभरची माहिती तेथें थंड हवेंत सांभाळून ठेवलेली असते, आणि आमच्या आठवींतल्या एका मुलीची आई तेथील फरशी पुसावयास जाते. शाळेंत इंटरनेट येतें तें मात्र मुख्याध्यापिकाबाईंच्या मोबाइलमधून.

हा मोबाइल अर्जांत कोठें बसवावयाचा, यावर आमची एक दुपार गेली. प्रत्येक शाळेला अकरा आंकड्यांचा एक यू-डायस क्रमांक असतो. महाराष्ट्रांतल्या शाळांचा २७ पासून सुरू होतो. त्या क्रमांकाखालीं दर वर्षीं शाळेची सगळी जिंदगी भरावी लागते: खोल्या किती, नळ किती, स्वच्छतागृहें किती, संगणक किती आणि त्यांपैकीं चालू किती. इंटरनेट आहे काय, या प्रश्नाला उत्तरें दोनच, होय किंवा नाहीं.

"सर, 'होय' लिहिलें तर यांना काय गरज म्हणतील," बाई म्हणाल्या, "आणि 'नाहीं' लिहावें तर पोरांनीं कालच पडद्यावर हृदयाचे ठोके पाहिले, तें खोटें ठरतें."

"बाई, मोबाइल शाळेचा नाहीं, तुमचा आहे."

"पण मी शाळेचीच ना?"

याला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. त्यांनीं 'नाहीं' लिहिलें. लिहितांना त्यांचा चेहरा उतरला होता.

शाळेनें एक अर्ज करावा आणि संगणक मिळवावे, इतकी सरळ ही गोष्ट नाहीं. २०१८ सालीं सुरू झालेल्या केंद्राच्या 'समग्र शिक्षा' योजनेंत सहावी ते बारावीच्या सरकारी व अनुदानित शाळांना संगणककक्षासाठीं एकदा ६ लक्ष ४० हजारांपर्यंत आणि पुढें पांच वर्षें दर साल २ लक्ष ४० हजारांपर्यंत मदत ठरली. महाराष्ट्रांत तिचा ६० टक्के भार केंद्रानें आणि ४० टक्के राज्यानें उचलावयाचा. शाळेनें भरलेले रकाने जिल्ह्याच्या आराखड्यांत जातात, जिल्ह्याचा आराखडा राज्याच्या आराखड्यांत, आणि राज्याचा दिल्लीच्या मंडळापुढें. एवढ्या प्रवासांत कैफियतीला जागा नसते. आंकडे तेवढे पोंचतात.

त्यांतला पांच वर्षें हा आंकडा आम्हांला नेहमीं खुपतो. संगणकशिक्षणाची मूळ केंद्रीय योजना डिसेंबर २००४ मध्यें निघाली. त्यानंतरच्या वर्षांतले संगणककक्ष आम्हीं पाहिले आहेत. दाराबाहेर चपलांची रांग, आंत यंत्रांवर शिवणाच्या बाईंनीं शिवलेल्या खोळी, किल्ली मुख्याध्यापकांच्या खणांत. देवघराला शोभेल असें सोंवळें! मुदत संपली कीं शिकवणाराचा पगार थांबे, बॅटऱ्या फुगत, आणि यंत्रें संस्थेच्या पदरीं पडत. म्हणजे त्यांचें विजेचें बिलही संस्थेच्याच पदरीं.

दुसरा मार्ग नीति आयोगाच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळेचा. २०१६ सालीं आलेल्या या योजनेंत खासगी शाळांनाही दार उघडें होतें. मदत २० लक्ष रुपयांची: १० लक्ष उभारणीला, १० लक्ष पुढील पांच वर्षांच्या खर्चाला. देशांत अशा १० हजार प्रयोगशाळा झाल्या, ही कांहीं लहान गोष्ट नव्हे. पण मैदानी प्रदेशांतल्या शाळेला अट पडली ती १,५०० चौरस फूट बांधीव जागेची. आम्हीं टेप घेऊन शाळा मोजली. तीन वर्ग एकत्र केले तर तेवढी जागा होते. मग त्या तीन वर्गांतल्या मुलांनीं बसावें कोठें? नवी मुंबईंत १,५०० चौरस फूट म्हणजे कोटीच्या पुढची गोष्ट. वीस लक्षांची मदत घेण्यासाठीं कोटीची जागा दाखवावी, हा हिशेब आमच्या शिपायालाही न समजावतां कळला. ज्या शाळेजवळ तीन खोल्या रिकाम्या आहेत ती एक तर श्रीमंत असली पाहिजे, किंवा तिचीं मुलें पळालेलीं असलीं पाहिजेत.

हें धोरण कोणा आजच्या अधिकाऱ्याच्या डोक्यांतून निघालेलें नाहीं. १८५४ च्या वुडच्या खलित्यानें अनुदानपद्धति घालून दिली ती मुळीं याच पायावर: स्थानिक मंडळींनीं आधीं शाळा चालवून दाखवावी, थोडी तरी फी घ्यावी, तपासणीला उभें राहावें, मग सरकार भर घालील. ज्याच्या अंगांत उभें राहण्याचें बळ आहे त्याला काठी मिळे. १८८२ सालीं हंटर आयोगापुढें जोतीराव फुले यांनीं वर्मावर बोट ठेवलें: कर भरतो शेतकरी, आणि शिक्षणाचा पैसा जातो वरच्या वर्गांकडे.

अमेरिकेंत १९९६ च्या दूरसंचार कायद्यानें शाळांना जी सवलत दिली, तिचा हिशेब आम्हांस याचसाठीं मोलाचा वाटतो. त्या सवलतींत मुलांच्या हातीं यंत्र मिळत नाहीं. शाळेच्या इंटरनेटच्या बिलावर सूट मिळते, २० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत. ती सूट ठरते शाळेंतल्या किती मुलांना मोफत वा स्वस्त जेवणाचा हक्क आहे यावरून. चारांत तीन मुलें तशीं असलीं कीं ९० टक्के. म्हणजे तेथें पहिला प्रश्न जागेचा नव्हे, भुकेचा. पैसा देतात दूरसंचार कंपन्या, आणि त्या तो ग्राहकांच्या बिलांतून काढतात. कागदांचा व्याप तेथेंही कमी नाहीं. शाळेनें आपली निकड जाहीर करून निदान २८ दिवस देकारांची वाट पाहावी लागते, आणि शाळांचे अर्ज भरून देणें हा कित्येक सल्लागारांचा पोटाचा धंदा झाला आहे. (हा धंदा आम्हांला आधीं सुचला असता तर!) तरीही त्या अर्जांत गरीबी हें गुणपत्रक ठरतें. आमच्या शाळेच्या दप्तरांत पालकांच्या उत्पन्नाचे दाखले गठ्ठ्यांनीं पडून आहेत. शिष्यवृत्तीसाठीं ते लागतात, या कामीं ते कोणी मागत नाहीं.

तसा निधि आपल्याकडे नाहीं असें नव्हे. २००२ पासून दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नांतून ५ टक्के सार्वत्रिक सेवेसाठीं काढून घेण्याची पद्धति पडली. २०२३ च्या कायद्यानें त्या निधीला डिजिटल भारत निधि हें नांव मिळालें. २०२५ च्या अर्थसंकल्पांत ग्रामीण भागांतील सर्व सरकारी माध्यमिक शाळांना भारतनेटमधून ब्रॉडबँड, आणि सरकारी शाळांत पांच वर्षांत ५० हजार अटल प्रयोगशाळा, अशी घोषणा झाली. आम्हांला त्याचा खरोखर आनंद आहे. आमची शाळा ग्रामीण नाहीं आणि सरकारीही नाहीं, एवढेंच.

यंदाची माहिती बाईंनीं आणि आम्हीं मिळून भरली; ती वर गेली आहे. मध्यंतरीं जुन्या विद्यार्थ्यांनीं वर्गणी काढून सहा वापरलेले संगणक आणून दिले. त्यांतला एक जण ऐरोलीला नोकरी करतो. तो शनिवारीं येऊन मुलांना शिकवतो आणि चपला बाहेर काढूं देत नाहीं. विजेचें बिल कितीनें वाढेल, याची चौकशी करावयास कारकून सोमवारीं जाणार आहेत.