घराची आठवण आईनेच का ठेवायची?

सौंसरच्या आमच्या घरात कुणाला काय, कधी लागतं हे मी लक्षात ठेवायचं, असं लग्नानंतर कुणी न बोलताच ठरलं. सासऱ्यांची बीपीची गोळी, मुलाच्या शाळेच्या ग्रुपवर हिंदीत येणाऱ्या सूचना, संत्र्याच्या बागेतल्या मजुरांचा चहा, लाइटबिल. काही निसटलं की प्रश्न यायचा, "काऊन वं, तुयं ध्यान कुठं रायते?" माहेरी, पांढुर्ण्यात, लहानपणापासून हेच ऐकलं होतं. पण आई झाल्यावर ते जास्त लागू लागलं. मुलाचा डबा राहिला तर आईला मुलाची काळजी नाही असं लोक धरतात. हळूहळू मीही तसंच धरू लागले.

पोळ्याचे दिवस सगळ्यांत अवघड. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीवर गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, असते, त्यामुळे माहेरचं घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. कुकरची शिट्टी, पोरांची भांडणं, मोबाइल, कुणीतरी मागितलेलं पाणी, सगळं सारख्याच जोराने माझ्यावर येतं. आधी काय करायचं हे सुचत नाही. मग एखाद्या क्षुल्लक गोष्टीवरून मी मुलावर ओरडते, आणि तो झोपल्यावर त्याच्या उशाशी बसून रडते. ते अपराधीपण अंगात मुरत जातं.

मुलगा आठ वर्षांचा असताना शाळेच्या तक्रारी वाढल्या, म्हणून त्याला नागपूरला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्याला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड करणारी अवस्था, असल्याचं निदान झालं. मग मला सूचना मिळाल्या: त्याचं वेळापत्रक भिंतीवर लावा, रोज एकाच वेळी अभ्यास घ्या, कामाचे छोटे तुकडे पाडा, शांत राहा. सूचना योग्यच होत्या. पण जे माझ्याच्याने कधी जमलं नाही, तेच त्याच्यासाठी रोज करायचं होतं. तेव्हा मी डॉक्टरांना माझ्याबद्दल विचारलं.

एडीएचडी ही अवस्था घराण्यात उतरते. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून तिचा आनुवंशिक वाटा 70 ते 80 टक्क्यांच्या आसपास दिसतो. मोठ्या माणसात निदान करताना लक्षणं वयाच्या 12 वर्षांआधीपासून होती का हे पाहतात, म्हणून माझी जुनी प्रगतिपुस्तकं आणि आईच्या आठवणी कामी आल्या. पुष्कळ मुलींमध्ये धावपळ कमी आणि हरवलेपण जास्त असतं. वर्गात त्रास न देणाऱ्या मुलीला कोण तपासायला नेणार? पुढे तिच्यावर एकटीच्या वेळापत्रकाऐवजी अख्ख्या घराचं वेळापत्रक येतं, आणि इतकी वर्षं कसंबसं सांभाळलेलं सगळं कोलमडतं.

माझंही निदान एडीएचडीच निघालं. मला औषध सुरू झालं आणि एका समुपदेशक बाईंशी बोलणंही. गोळीने माया वाढली नाही, ती होतीच. आता ओरडण्याआधी क्षणभर थांबता येतं, आणि त्या क्षणात मुलाचा चेहरा दिसतो. वही काढायला बसलेला तो खिडकीकडे बघत राहतो, तेव्हा तो मुद्दाम करत नाही हे मला आतून ठाऊक असतं. घरात ते ओळखणारी मी एकटीच आहे, आणि याचं मला बळ वाटतं.

घरातही बदल झाला. सासऱ्यांच्या गोळ्या नवरा पाहतो, शाळेचा ग्रुप आम्ही दोघं वाचतो. आमच्या भागात पुरुष विसरला तर तो कामाच्या व्यापात आहे म्हणतात, बाई विसरली तर तिचं घरात मन नाही म्हणतात. आजार सारखाच असला तरी बाईला तो अधिक जखमा करतो, कारण घराची सगळी आठवण तिच्या एकटीच्या नावावर लिहिलेली असते.

2023 मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला. या जिल्ह्यातल्या दवाखान्यांत मुलाला घेऊन आलेल्या आईलाही कुणीतरी विचारावं: तुमची झोप कशी आहे, लहानपणी तुमचं कसं होतं? मनाचा त्रास बोलायला 14416 या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फोन करता येतो, तोही पैसे न मोजता. ज्या बाईला माझं हे वाचून स्वतःचं घर दिसलं असेल, तिने आळशी, निष्काळजी हे शब्द स्वतःला लावून घेण्याआधी तपासून घ्यावं. मुलाच्या उपचाराइतकाच तिच्या उपचारावरही घराने खर्च करावा.